एक प्रत ताईस

आमच्या देवघराच्या वरच्या फळीवर एक काळा डबा आहे. पोळ्यांच्या डब्याहून थोडा उंच, पुढे चार हिरवे दिवे, मागे वाटीएवढा पंखा. रात्री तीनला तो जागा होतो आणि सुपारी कातरल्यासारखा आवाज करत अर्धा तास काहीतरी करत बसतो. पहिल्या आठवड्यात सासूबाईंना वाटलं, घरात उंदीर शिरला. पोळीचा तुकडा अडकवून पिंजरासुद्धा लावून झाला. आता त्यांना सवय झाली आहे. पहाटे चहाला उठल्या की सांगतात, "तुझा डबा आज जास्तच कातरत होता गं."

डब्याचं खरं नाव नेटवर्क स्टोरेज, लोक त्याला नॅस म्हणतात, पण आमच्याकडे 'डबा'च रुळलं. आत दोन हार्ड डिस्क आहेत. डबा वायरने राऊटरला जोडलाय, त्यामुळे घरातले फोन, लॅपटॉप, टीव्ही सगळे त्यात ठेवू शकतात आणि त्यातलं वाचू शकतात. तो देवघरावर का, याचं कारण तांत्रिक नाही. फायबरची वायर टाकायला आलेल्या मुलाच्या ड्रिलची केबल तिथपर्यंतच पोचली. म्हणून राऊटर तिथे लागला आणि राऊटरच्या मागोमाग डबा आला. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये वस्तूंच्या जागा अशाच ठरतात.

सहा महिन्यांनी डब्याने मला ईमेल पाठवली. डिस्कचं तापमान ५४ अंश झालंय, लक्ष द्या. स्टुलावर चढून तो खाली काढला, मागची जाळी उघडली, तर पंख्याच्या पात्यांवर जाड थर. समईची काजळी, उदबत्तीची राख, त्यावर सहा महिन्यांची धूळ, आणि सगळं तेलाने एकमेकांना धरून ठेवलेलं. बोटाने सोलून निघेल इतकं. रंगाच्या ब्रशने झाडलं, राहिलेलं कापसाच्या काडीला स्पिरिट लावून काढलं. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "देवाजवळची काजळी आहे, तिने काही होत नाही."

मला मात्र वाईच्या आजोबांची पोथी आठवली. लाल फडक्यात बांधलेली, हाताने लिहिलेली. तिच्या शेवटच्या पानावर जुने लेखनिक हटकून घालायचे तो श्लोक होता: 'तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् । मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥' तेलापासून मला राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस, असं पुस्तक म्हणतंय. लहानपणी आजोबा तो म्हणायला लावायचे आणि 'मूर्खहस्ते' आलं की माझ्याकडे बघायचे. डबा घेतल्यापासून तीन वर्षांत मी या श्लोकातला प्रत्येक शब्द अनुभवलाय. तेल तर हे असं, देवासमोरच.

डबा घ्यायची वेळ आली ती एका पडण्यामुळे. त्याआधी आमचे सगळे फोटो पासपोर्टएवढ्या एका डिस्कमध्ये होते, एक टेराबाइटच्या. शिवाय फोनमधले फोटो गूगलकडे आपोआप जायचे. तिथली हवे तेवढे फोटो फुकट ठेवायची सोय १ जून २०२१ला संपली. तेव्हापासूनचे फोटो पंधरा जीबीच्या हिशेबात धरले जाऊ लागले. त्यांचंही बरोबर आहे, फुकटचं किती दिवस पुरणार. म्हणून त्या पावसाळ्यात मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून सगळे फोटो उतरवून त्या डिस्कवर घालत बसले होते. डिस्क चालू होती. कुकर लागला म्हणून उठले, वायरीत पाय अडकला. अडीच फुटांवरून डिस्क फरशीवर. आवाज फार झाला नाही. उचलून परत लावली तर आतून टक्, टक्, टक्. घड्याळासारखं अगदी नियमित. हा आवाज ज्याने एकदा ऐकलाय तो विसरत नाही. चालू डिस्कमध्ये वाचणारी सुई पृष्ठभागावर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. ती टेकली की संपलं.

बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याने कानाला लावून ऐकली, डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात तशी, आणि म्हणाला, "मॅडम, ही आमच्याकडे उघडायची नाही. मुंबईला जाईल. धूळ नसलेल्या खोलीत उघडतात." आकडा सांगितला, त्यात चांगला फोन आला असता. दिले. दीड महिन्याने निम्मे फोटो परत आले. पण कसे? नावं नाहीत, फोल्डर नाहीत. एफ एक आठ चार शून्य शून्य तीन दोन, अशी हजारो नावं एकाखाली एक. मोबाइलच्या फोटोंच्या पोटात काढल्याची तारीख लिहिलेली असते, म्हणून ते तरी ओळीत लावता आले. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना ती सोय नाही. पणजी, मुंज, कुणाचं तरी डोहाळजेवण, हिशेबाच्या वहीची पानं, सगळं एकाच गाठोड्यात. लेकीने दोन दिवस ते बघितलं आणि म्हणाली, "आई, हे म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये चपला शोधण्यासारखं आहे."

मग डबा आला, दोन खणांचा, त्यात चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्क. नवऱ्याने बिल बघितलं आणि डब्याच्या पडद्यावरचा आकडा बघितला. "दोन घेतल्यास ना? मग जागा एकीचीच का? आणि तीही चार नाही, तीन पूर्णांक सहा?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, संगणक एक हजार चोवीसच्या पटीत. तोळा जसा खरा साडेअकरा ग्रॅमच्या वर भरतो आणि सराफ दहाचा धरतो, तसंच काहीसं. सराफाचं म्हटल्यावर नवऱ्याला पटलं.

पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ लागला. दोन्ही डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो. एक मेली तर दुसरी तशीच चालू राहते. मेलेली काढून नवी घातली की एका रात्रीत पुन्हा जोडी जमते. या पद्धतीला रेड म्हणतात, इंग्रजी अक्षरं आर, ए, आय, डी. बर्कलीच्या विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८मध्ये मांडलेल्या शोधनिबंधातून हे नाव रूढ झालं. त्यातला 'आय' मुळात 'इनएक्स्पेन्सिव्ह'चा होता, म्हणजे स्वस्तातल्या डिस्कचा जथा. पुढे धंद्यातल्या लोकांनी तो 'इंडिपेंडंट' करून टाकला. साहजिक आहे. वस्तूच्या नावातच स्वस्त म्हटलं तर गिऱ्हाईक भाव करतं.

डिस्क घेतानाही एक गोष्ट कळली, ती जाता जाता सांगते. काही डिस्कमध्ये मजकुराच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवून बसवलेल्या असतात. जागा वाचते. पण एक कौल बदलायचं तर शेजारची चार उचलावी लागतात, म्हणून अशा डब्यात, विशेषतः मेलेल्या डिस्कच्या जागी नवी भरताना, त्या फार रेंगाळतात. २०२०मध्ये उघडकीला आलं की खास अशा डब्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क गुपचूप याच कौलारू जातीच्या होत्या. दुकानात मी "कौलारू आहे का?" असं विचारलं नाही एवढंच, पण खोक्यावरचं बारीक अक्षर बाहेर उजेडात नेऊन वाचलं.

आता सैल बांधणी. सगळं मिळून बाराशे जीबी डब्यात भरायचं होतं. पहिल्यांदा वायफायवरून सुरू केलं, तर उरलेला वेळ 'चार दिवस', थोड्या वेळाने 'नऊ दिवस', मग पुन्हा 'चार दिवस'. म्हणून लॅपटॉपही वायरने जोडला. वायरने सेकंदाला शंभर-एकशे दहा एमबी तरी जायला हवं. जात होतं अकरा. दोन संध्याकाळी मी डब्याला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी वायरीचं टोक भिंगाखाली धरलं. त्या पारदर्शक टोपीत आठ तारा हव्यात, रंगीत, एकाशेजारी एक. माझ्या वायरीत चारच पुढपर्यंत पोचल्या होत्या. बाकीच्या चार आतच दुमडून कापून टाकलेल्या. कुणीतरी कधीतरी टीव्हीच्या सेट टॉप बॉक्ससाठी केलेली काटकसर. शिवाय टोपीवरची ती प्लास्टिकची जीभ तुटलेली, त्यामुळे पंख्याच्या वाऱ्यानेही वायर अर्धी बाहेर यायची. दीडशे रुपयांची नवी वायर आणली. तीस तासांचं काम रात्रीत आटोपलं. शिथिलबन्धन म्हणजे काय, ते आजोबांनी इतकं स्पष्ट कधी समजावलं नव्हतं.

आणि मूर्खहस्त. तो माझाच.

डब्यात सगळं आलं, तेव्हा लक्षात आलं की एकेक फोटो चार-चारदा आहे. माझ्या फोनमधून, नवऱ्याच्या फोनमधून, व्हॉट्सअॅपवरून, परत मुंबईहून आलेल्या त्या गाठोड्यातून. मी एकसारखे फोटो शोधून देणारं एक सॉफ्टवेअर उतरवलं. रविवारची दुपार होती, पोट भरलेलं होतं, आणि मनात आवराआवर करण्याचा उत्साह. 'जुनी प्रत ठेवा की नवी?' असं त्याने विचारलं. मी 'नवी' म्हटलं. नवी म्हणजे तारखेने नवी. म्हणजे व्हॉट्सअॅपवर पिळून निघालेली, चेहऱ्याच्या जागी दलिया दिसणारी. अकराशे चाळीस अस्सल फोटो त्या दुपारी उडाले. कचऱ्याच्या टोपलीत जाऊन बघितलं, टोपली रिकामी. नेटवर्कवरून पुसलेली गोष्ट लॅपटॉपच्या टोपलीत पडत नाही. डब्याची स्वतःची टोपली असते, पण ती आधी चालू करून ठेवावी लागते. ती खूण मी केली नव्हती.

आणि दोन डिस्कची जोडी? तिने दुसऱ्याच क्षणी दोन्हीकडून पुसलं. आरसाच तो. कुंकू वाकडं लावलं तर वाकडंच दाखवणार. डिस्क बिघडली तर जोडी सांभाळून घेते. माझं डोकं बिघडलं तर तिच्याकडे उपाय नाही. जाणकार लोक हे पहिल्या दिवसापासून सांगत असतात, की रेड म्हणजे बॅकअप नव्हे. मीही ते वाचलं होतं. वाचून पुढच्या पानावर गेले होते. आता डब्याची टोपली चालू आहे, शिवाय तो रोज रात्री त्या क्षणाची एक नोंद काढून ठेवतो, म्हणजे कालचं घर आज परत मागता येतं. तीन वाजता सुपारी कातरल्याचा जो आवाज येतो, त्यात हेही एक काम असतं.

ते अकराशे चाळीस फोटो मात्र कुठून आले म्हणाल? शंभरेक लेकीच्या जुन्या लॅपटॉपमध्ये सापडले. कोकणच्या सहलीचे सगळेच्या सगळे नणंदेकडे मिळाले. ताई नागपूरला असतात. २०१९च्या दिवाळीत आल्या होत्या, तेव्हा त्यांनी एक पेन ड्राइव्ह पुढे करून म्हटलं होतं, "मलाही दे गं सगळे, तुमच्याकडे काय पडून राहायचेत." मी जरा नाखुशीनेच दिले होते, त्यात माझे समुद्रावरचे भिजलेले फोटो होते म्हणून. बाकीचे अजून दलियाच आहेत.

सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाटातून एक पाकीट काढलं. त्यांच्या माहेरचा एकच फोटो उरलेला आहे, तो त्या पाकिटात असतो. त्यांचं माहेर नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. १२ जुलै १९६१ला त्या पंधरा वर्षांच्या होत्या. पानशेतचं धरण अजून पुरतं बांधूनही झालेलं नव्हतं, ते सकाळी फुटलं. त्या लोंढ्यापुढे खडकवासलाही टिकलं नाही. काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. "आईनं दागिन्यांची पुरचुंडी घेतली आणि स्टोव्ह घेतला," सासूबाई सांगतात. "वडिलांनी विम्याचे कागद घेतले. मी काय घेतलं माहितीये? परातीतलं पीठ. भाकरीला काढलेलं होतं, टाकवेना." फोटोंचा अल्बम खाटेखालच्या ट्रंकेत राहिला. चार-पाच दिवसांनी ट्रंक उघडली तर आत वीट होती. ओल्या फोटोंचा मुलामा सुटतो आणि सुकताना एकाचा दुसऱ्याला चिकटतो. सोलायला गेलं की दोघांचेही चेहरे निघून येतात. वडिलांनी ती वीट तशीच बरेच दिवस माडीवर ठेवली होती, वाळली तर सुटेल म्हणून.

पुण्याच्या जुन्या घरांतून पणजोबांचा फोटो मागून बघा. निम्म्या घरांत एकच उत्तर मिळतं, 'पुरात गेला.' पुढचं काही विचारावं लागत नाही. कुठला पूर, हेही नाही.

तर तो उरलेला फोटो. १९५६ सालची धाकट्या भावाची मुंज, पाटावर बटू, मागे दोन रांगा, एकूण अकरा माणसं. उजव्या टोकाला दोन वेण्यांची एक मुलगी, नेमकी त्या क्षणी हललेली, त्यामुळे तिचा चेहरा धुरासारखा. त्या सासूबाई. फोटोच्या मागे शिसपेन्सिलने, वडिलांच्या अक्षरात: 'चि. बाळच्या मुंजीचा. एक प्रत ताईस.' ही ताई म्हणजे वडिलांची थोरली बहीण, साताऱ्याला दिलेली. सासूबाईंच्या लग्नात आत्याने तो त्यांना परत दिला, पुरणपोळ्यांच्या डब्यावर ठेवून. लहानपणाचा म्हणून त्यांचा हा एवढा एक फोटो जगात आहे, तोही हललेला. घरात होते ते सगळे गेले. घराबाहेर होता तो राहिला.

संगणकवाल्यांत याला तीन-दोन-एक म्हणतात. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने ते लोकप्रिय केलं. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. मी सासूबाईंना ते उत्साहाने समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी स्टुडिओवाला तीनच प्रती काढायचा. एक घरात, एक सासरी, एक माहेरी." या गोष्टीत आपण काही शोध लावलेला नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. उलट आपण मागे आलोय. पूर्वी छापील फोटो वाटल्याशिवाय चैन पडायची नाही. आता सगळे एकाच घरात, एकाच डब्यात, एकाच फळीवर गोळा करून ठेवतो आणि वर हिरवे दिवे लागले की निर्धास्त होतो.

म्हणून आता ताईंकडे एक डिस्क असते. तशा दोन आहेत. एक नागपूरला, एक इथे. दिवाळीत आणि मे महिन्यात अदलाबदल. जाणारी डिस्क जुन्या टॉवेलात गुंडाळून चिवड्याच्या रिकाम्या डब्यात जाते, येणारी संत्र्याच्या बर्फीबरोबर येते. आतला मजकूर कुलूपबंद असतो, पासवर्डशिवाय उघडत नाही. ताईंना सुरुवातीला हे जरा लागलं. "म्हणजे माझ्याच कपाटात, माझ्याच साड्यांखाली ठेवायची, आणि मीच बघायची नाही?" मी म्हटलं, "अहो ताई, तुमच्यासाठी नाही, रेल्वेतल्या चोरासाठी." मग पासवर्ड त्यांनाही दिला. तसाही तो कुणाला तरी द्यायलाच हवा होता.

कारण बाबा. माझे सासरे फेब्रुवारी २०१९मध्ये गेले. त्यांचा फोन अजून ड्रॉवरमध्ये आहे, बंद. चार आकड्यांचा पिन कुणालाच माहीत नाही. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, जुन्या स्कूटरचा नंबर, सगळं घालून झालं. शेवटी लेकीने हातातून काढून घेतला, अजून चुका झाल्या तर तो स्वतःला पुसून टाकेल म्हणून. रोज सकाळी संभाजी बागेत जाऊन ते काय काय टिपायचे, ते त्यात आहे. म्हणून डब्याचा पासवर्ड सासूबाईंच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलेला आहे, वर दूधवाला, खाली इस्त्रीवाला. सुरक्षेच्या कुठल्याही नियमात हे बसत नाही. पण आमच्या घरात चोरीला न जाणारी वस्तू कुठली विचाराल तर ती वही.

बाहेरच्या चोरांचं म्हणाल तर डबा इंटरनेटवरून कुणालाही दिसणार नाही असा ठेवलाय. लेक बंगळुरूला आहे. तिचं म्हणणं, तिथून फोनवर सगळं दिसायला हवं. दिसू शकतं, डब्यात तशी सोय आहे. पण २०२१-२२मध्ये अशाच घरगुती डब्यांवर जगभर खंडणीखोरांच्या धाडी पडल्या. दार किलकिलं ठेवलेल्या डब्यांत शिरून सगळ्या फाइलींना कुलूप, आणि पडद्यावर चिठ्ठी. एका टोळीचा भाव ०.०३ बिटकॉइन असा ठरलेला होता. तेव्हापासून लेकीला हवा तो फोटो मी हाताने पाठवते. ती चिडते. चिडू दे.

वीज किती खातो, हा नवऱ्याचा कायमचा प्रश्न. वीस वॅटच्या आसपास, म्हणजे महिन्याला चौदा-पंधरा युनिट. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, तेव्हा खालच्या फळीवरचा यूपीएस त्याला पाचेक मिनिटं धरतो आणि तेवढ्यात डबा स्वतःहून शहाण्यासारखा बंद होतो. घरात एवढी शिस्त दुसऱ्या कुणालाच नाही.

एवढं सगळं कशासाठी, असं विचारलंत तर मी टीव्ही लावून दाखवते. बाबांना रेडिओवरचं गाणं टेपवर घ्यायचा नाद होता. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा, लाल बटण दाबायचं आणि घरातल्यांनी श्वास रोखायचा. अशा त्र्याऐंशी कॅसेटी बिस्किटाच्या खोक्यात होत्या, प्रत्येकीवर बॉलपेनने राग, तारीख आणि शेरा. 'उत्तम.' 'अर्धवट, लाईट गेली.' 'शेवटी बातम्या आल्या.' त्या डब्यात घालायच्या ठरवल्या तेव्हा कळलं की टेपरेकॉर्डरमधला रबरी पट्टा वितळून डांबर झालाय. नवा पट्टा मिळाला, बुधवारातच. पुढे घाई चालत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठच मिनिटं लागतात. मिनिटाला दहा एमबी. जवळजवळ तीन महिने रोज संध्याकाळी एक कॅसेट, भाजी निवडता निवडता.

ती टीव्हीवर ऐकवायची म्हणजे वेगळीच यातायात. आमचा डबा लिनक्सवर चालतो, लॅपटॉप विंडोजवर, त्या दोघांमधल्या दुभाष्याचं नाव सांबा. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन माणसाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो लिहिला. आधीच्या नावावर दुसऱ्या कुणाचा हक्क निघाला, तेव्हा त्याने संगणकाला शब्दकोशातून एस, एम, बी ही विंडोजच्या बोलीच्या नावातली अक्षरं त्याच क्रमाने असलेले शब्द काढायला लावले आणि त्यातून हे नाव उचललं. मला हा माणूस तेवढ्यावरूनच आवडतो. पण आमच्या जुन्या टीव्हीला त्याची आताची बोली कळत नाही, त्याच्यासाठी डब्यात वेगळी खिडकी उघडावी लागते. आणि मराठी नावं वाचताना त्याची जीभ अडखळते. 'दिवाळी'ची पहिली वेलांटी द सोडून व वर जाऊन बसते, जोडाक्षरांचे पाय मोडतात, आणि 'राष्ट्रगीत' लिहिलं होतं तिथे काय दिसतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी फोल्डरांना नुसते आकडे दिले. सासूबाईंना पाठ आहेत. "सव्वीस लाव," म्हणतात.

सव्वीस नंबरची कॅसेट १९७८ची आहे. यमनाची आलापी, टेपची खरखर, बाहेरून एखादी सायकलची घंटी. दहाव्या-बाराव्या मिनिटाला कुकरची शिट्टी होते. मग दुसरी. मग एक बाई आतून खणखणीत आवाजात म्हणते, "अहो, झालं की नाही? पानं घेतलीत!" आणि माइकच्या अगदी जवळून बाबांचं लांबलचक "शूऽऽऽ".

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासूबाईंनी मला विचारलं, "ही कोण गं?"

मी काही बोलले नाही. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकून म्हणाल्या, "किती जोरात बोलायचे मी. बिचारे गात होते ना ते." थोड्या वेळाने स्वतःशीच, "काय केलं असेल त्या दिवशी? तीन शिट्ट्या नाही झाल्या अजून, म्हणजे डाळ." आता सव्वीस लावली की आलापीचं कुणालाच काही पडलेलं नसतं. सगळे शिट्टीची वाट बघतात.

सव्वीसची एक प्रत ताईंना वेगळी पाठवली, फोनवर. त्यांनी ती किती वेळा ऐकली ते सांगितलं नाही. पण पुढच्या दिवाळीत आल्या तेव्हा पिशवीतून एक कॅसेट काढून समोर ठेवली. बाबांनी त्यांना सासरी जाताना दिलेली. 'उत्तम' असा शेरा. त्र्याऐंशीत नसलेली.

या वेळी नागपूरहून आलेली डिस्क मी कालच लावून बघितली. प्रत काढून ठेवली म्हणजे काम झालं असं नसतं, ती उघडते का ते मधूनमधून बघावं लागतं. माझी पद्धत साधी आहे. डोळे मिटून उंदीर गरगर फिरवायचा, जिथे थांबेल ती फाइल उघडायची, असं दहादा. काल आलं ते असं: गॅसच्या पावतीचा फोटो. छताचा फोटो, फोन चुकून दाबला गेल्यावर निघतो तसा. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या यंत्राचा आकडा, एकशे बेचाळीस, डॉक्टरांना पाठवलेला. लेकीची नववीची भूगोलाची वही, सात पानं. कोकणातला माझा भिजलेला एक. कुणाच्या तरी पाठीमागून काढलेली पंगत. चकलीचा फसलेला घाणा. टीव्हीच्या वॉरंटीचा कागद. पुन्हा छत. आणि सदतीस नंबरच्या कॅसेटची दुसरी बाजू, जिथे लाईट गेली.

दहाच्या दहा उघडल्या. डिस्क टॉवेलात गुंडाळली. चिवड्याचा डबा सासूबाईंनी आधीच घासून उन्हात ठेवला होता.